कडी लागली की हाक मारायची नाही

अक्का गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. ना फोन आला, ना कुणी पळत आलं. मी त्यांच्या दाराबाहेरच बसले होते, मांडीवर सूप घेऊन, तुरीच्या डाळीतले खडे निवडत… आणि तरी दोन तास मला काही कळलं नाही. भेटायला आलेल्या बायका विचारायच्या, "तुमाला कधी कळलं ओ?" काय सांगणार? सगळ्यांत जवळ मीच होते आणि सगळ्यांत उशिरा मलाच कळलं. दोन महिने होत आले, पण दुपारचे तीन वाजले की अजून माझे कान त्या दाराकडं लागतात. कुणाशी बोलायची सोय नाही, म्हणून लिहायला बसले.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कागदावर इंदुबाई, गावात महेशची आई. तेरच्या पुढं आडबाजूला आमचं गाव. मी तिथल्या अंगणवाडीत सेविका आहे. बोलायला फटकळ म्हणून माझी ख्याती, आणि मला फटकळ कुणी केलं तर अक्कांनी. लग्न होऊन आले तेव्हा मी मान वर करून पाणीसुद्धा मागत नव्हते.

माझी लेक जन्मली त्याला तीस वर्षं होऊन गेली. माहेरी बाळंतपण उरकून सासरी आले आणि मला काय झालं ते मलाच कळेना. लेकरू रडलं की मला त्याचा राग यायचा. पाजायला घेतलं की अंगावर काटा यायचा. भाकरी थापता थापता डोळ्यांतून पाणी गळायचं, परातीत पडायचं. मला माझीच भीती वाटायला लागली होती, हे आज उघड लिहिते. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या, अंगारा लावून झाला. आमचे हे म्हणाले, "एवढं काय रडायचं? समद्या बायांना लेकरं हुतात की." ते खरंच होतं, म्हणून तर मला जास्त लाज वाटायची.

एक दिवस दुपारी अक्कांनी माझ्या हातातून लेकरू ओढूनच घेतलं. म्हणाल्या, "मंगल, माझ्या खोलीत जा. आतून कडी लाव."

"आत काय करू?"

"काय बी करू नगंस. रड, नीज, भिताडाकडं बघत बस. म्या हाय भाईर."

मी गेले. कडी लावली. आणि काय सांगू, ती कडी कोयंड्यात पडल्याचा 'खट्' आवाज झाला आणि माझे खांदे आपोआप खाली आले. इतके दिवस ते वर चढलेले होते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. बाहेर सासूबाई विचारत होत्या, "ही आत कशाला गेलीय भर दुपारी?" अक्कांचा आवाज आला, "हाय ती आत. तुमाला काय पायजे ते मला सांगा की, आत्या." बस्स, एवढंच. त्यांनी बाजू मांडली नाही, समजावलं नाही, भांडल्या नाहीत. उंबऱ्याला पाठ लावून, माझं लेकरू मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

मग तो नेमच पडला. रोज अर्धा तास. नियम अक्कांचाच… कडी लागली की हाक मारायची नाही. पाहुणा येवो, दूध उतू जावो, घर पेटलं तरच. दोन-तीन महिन्यांनी मी माणसात आले, लेकराचा वास घ्यावासा वाटायला लागला. तेव्हा मी म्हटलं, "अक्का, आता तुमी जावा आत. मी बसते भाईर." त्या आधी हसल्या, मग गेल्या. तेव्हापासून तीस वर्षं आम्ही दोघी जावा आळीपाळीनं एकमेकींचं दार राखत आलो. घरातल्या पुरुषांनी आम्हाला 'कडीवाल्या' म्हणून चिडवून घेतलं. थोरल्या भाऊजींनी एकदा चहासाठी दार वाजवायला हात उचलला, तर मी म्हटलं, "चहा मलाबी येतो." त्यानंतर त्यांनी कधी वाजवलं नाही. त्या आत काय करायच्या, मी कधी विचारलं नाही. बाहेर यायच्या तेव्हा केस नव्यानं विंचरलेले असायचे आणि चेहरा धुतल्यासारखा दिसायचा.

हे सगळं त्यांना सुचलं कुठून, ते मात्र एकदा विचारलं. शेतात वांगी तोडत होतो. वांग्याचं देठ मोडत त्या म्हणाल्या, महेश पाच महिन्यांचा होता. माझं लग्न अजून व्हायचं होतं. पहाटे उठायचं, रानात जायचं, लेकरू रात्रंदिवस रडायचं. एक दिवस त्यांनी त्याला विहिरीच्या काठाशी लिंबाच्या सावलीत निजवलं आणि चालायला लागल्या. फाट्यापर्यंत गेल्या. एसटी आली, त्या चढल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, कुठलं तिकीट?" आणि त्यांना एकाही गावाचं नाव आठवेना… माहेरचंसुद्धा नाही. "तो परत ईचारला, कुठलं? तवा ध्यानात आलं, पोरगं नुकतंच पालथं पडायला लागलंय." उडी टाकल्यासारख्या उतरल्या आणि अनवाणी पळत आल्या. महेश तिथंच होता, पालथा पडून मातीत हात मारत होता. काठ चार बोटांवर. "त्या दिवशी कुणी अर्धा तास धरलं असतं त्येला, तर म्या कशाला गेले असते गं?" असं म्हणाल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "कुणाला सांगू नगंस. महेशला तर कधीच न्हाय." मी शब्द दिला.

अंगणवाडीत मी आजवर किती लेकरांची वजनं केली असतील. लेकराच्या वजनाला रकाना आहे, उंचीला आहे, डोसाला आहे. आई कशी आहे, याला रकाना नाही. तेवढं काम मी अक्कांच्या पद्धतीनं तोंडी करत आले. ओली बाळंतीण दिसली की तिच्या सासूला म्हणायचं, "अर्धा तास लेकरू तुमी घ्या, हिला कडी लावू द्या." काही हसल्या, काही चिडल्या, दोन-चार घरांत कड्या लागल्या. अक्कांना सांगितलं की त्या खूश व्हायच्या.

यंदा त्यांना भारी घाई झाली होती. महेशची बायको शीतल बाळंतपणाला परंड्याला, तिच्या माहेरी गेलेली. मुलगा झाला. अक्का रोज बोटांवर दिवस मोजायच्या. "शीतल आली की पैल्या दिवसापासनं कडी. आपल्यासारखं रडून रडून न्हाय." मधेच वेळ अमावस्या आली. आमच्याकडं येळवस म्हणजे काय विचारू नका. सगळं गाव रानात. पहाटेपासून चूल पेटलेली, रानातल्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर… येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. अक्कांनी त्या दिवशी सत्तर-ऐंशी माणसं जेवू घातली आणि आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पूजेसाठी रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीला फेऱ्याही मारल्या. कुणाला घेऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीतून आले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या. "पाठ लई भरून आलीय गं. हातबी जड झालाय." मी काय म्हणावं? मी म्हटलं, "येळवशीचा शीण हाय अक्का. जावा, कडी लावा. आज अर्धा न्हाय, चांगला तासभर पडा." मीच म्हटलं. माझ्याच तोंडानं.

कडी लागली. मी सूप घेऊन बाहेर बसले. शेजारच्या बाई पातेलं द्यायला आल्या, मी तोंडावर बोट ठेवलं. भाऊजी आले, मी मान हलवली. आत अक्कांचा फोन वाजला, वाजून वाजून थांबला, परत वाजला. मला हसू आलं. म्हटलं, पक्क्या झाल्या आता अक्का, फोनलासुद्धा भीक घालत नाहीत. त्यानंतर एकदा बांगड्या वाजल्या… दोन-तीनदा, थोड्या जोरात. मला वाटलं कुशीवर वळल्या. मी उठले नाही. डाळ निवडून झाली, उन्हं ओट्यावरून खाली उतरली, तेव्हा कुठं मी सूप खाली ठेवलं. आणि तरीही… तरीही मी हाक मारायच्या आधी थांबले. तीस वर्षांचा नियम होता तो. मग मारलेल्या हाकांना ओ आली नाही, तेव्हा महेशनं पहारीनं दार उचकटलं.

डॉक्टर म्हणाले, कडी लावल्यावर थोड्याच वेळात झालं असेल, तुम्ही हाक मारून उपयोग नव्हता. भला माणूस. पण त्यांनी बांगड्या ऐकल्या नव्हत्या, मी ऐकल्या होत्या.

तेराव्यानंतर महेशनं घरातल्या सगळ्या खोल्यांच्या कड्या आतून काढून टाकल्या. अक्कांच्या दाराची कडी तेवढी मी उचलून माझ्या ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवली. मला तिच्याकडं बघवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं.

लेकराला सव्वा महिना झाल्यावर शीतल त्याला घेऊन आली. तिला अक्कांचीच खोली दिली. आठ दिवसांत मला ओळखू आलं. भाकरी थापता थापता तिचे डोळे गळत होते. मी कळून न कळल्यासारखं केलं… होय, मी. गावभर कड्या लावायला सांगत फिरणारी मी घरात गप्प बसले, कारण त्या दारापुढं बसायची माझी छाती नव्हती. मग एक दिवस लेकराचे लंगोट वाळत घालताना शीतलच म्हणाली, "काकू, त्या दिवशी आईंना मीच फोन केला होता. दोनदा. मला लई रडू यायलं होतं, बाळाला हात लावू वाटंना. आई म्हणल्या होत्या, असं काय झालं तर मला सांग. त्यांनी उचलला न्हाय… मला वाटलं, माझ्यावर रागावल्या."

मी ट्रंक उघडली. कडी घेऊन महेशपुढं ठेवली, म्हटलं, "ही बसव." तो लाल झाला. "या घरात कडी लागणार न्हाय, काकू. अन् तुमी सांगायलाव? तुमीच बसला व्हता ना भाईर?"

"व्हय. मीच बसले होते."

आत लेकरू रडत होतं आणि शीतलचा काही आवाज येत नव्हता. मग मी अक्कांना दिलेला शब्द मोडला. विहीर सांगितली, लिंब सांगितला, एसटी, कंडक्टर, चार बोटांवरचा काठ… सगळं. महेश किती तरी वेळ स्वतःच्या तळहातांकडं बघत बसला. मग उठला आणि पेचकस शोधायला गेला. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, तर त्यानं काडीपेटीच्या काड्या ठोकून ते घट्ट बसवले. हे सगळं लिहू का, म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, "लिवा. आईच्या नावानं कुणाच्या तरी घरात लागू दे."

आता रोज दुपारी शीतल आत जाते. जाताना म्हणते, "काकू, तुमीच घ्या बाळाला." खट् असा आवाज होतो. मी उंबऱ्याला पाठ लावून बसते, जशा अक्का बसायच्या. हाक मारत नाही. आत बांगड्या किणकिणतात आणि माझा हात दाराकडं जातो, मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवते. पहिल्या दिवशी तिला बाहेर माझा श्वास ऐकू गेला असावा. आतून म्हणाली, "हाय मी, काकू. हाय." मी म्हटलं, "पड तू. बोलू नगंस." अर्ध्या तासानं कडी निघते, ती केस विंचरून बाहेर येते, लेकराकडं हात पसरते. पण ती निघेपर्यंत, रोज, तो पूर्ण अर्धा तास, आत शीतल नसते. आत अक्का असतात, आणि मी बाहेर बसलेली असते.