कासरा नको म्हणाले होते मी

नम्रता या विषयात आमच्या तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही. परंड्यातल्या आमच्या पत्र्याच्या छोट्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्या मंडळीत, या विषयावर बोलायचं असलं की मलाच उभं करतात. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून अख्खं आयुष्य काढल्यामुळे आवाजही असा, की मागच्या बाकावरचा माणूससुद्धा नम्र होऊनच घरी जातो. अपवाद एकच. तो माझ्या घरीच राहतो.

आमच्या ह्यांनी एसटीची ड्रायव्हरकी केली. परंडा-कुर्डूवाडी हा रस्ता डोळे मिटूनही चालवतील (त्यांनी तसा चालवलेला आहे, असा माझा संशय आहे). आमच्या मंडळीत बाप्तिस्मा जाणतेपणी घेतात, स्वतः ठरवून, अख्खं पाण्यात बुडून. ह्यांनी तो घेतलेला नव्हता. आधी रविवारची ड्यूटी असायची. रिटायर झाल्यावर दर रविवारी येऊन शेवटच्या बाकावर, दाराशेजारी बसू लागले. पुढं सरकायचं नाव नाही.

एकदा तयार झाले होते. मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्यायला लागले, तेव्हा मी फक्त दोनतीन ठिकाणी त्यांना दुरुस्त केलं. नवरा देवाविषयी बोलतोय म्हटल्यावर बायकोनं मदत करायला नको का? पण हे म्हणाले, "तुलाच समदं ठावं हाय, तर तूच घे परत." आणि बाहेर जाऊन, आम्ही आलो होतो त्या रिक्षात बसले. पुढं वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. मला रात्रंदिवस एकच घोर होता, की हा माणूस असाच दाराशी बसून राहील आणि त्याला दाराशी बसवणारी मीच असेन. हे मी प्रार्थनेत देवाला सांगायचे. ह्यांना मात्र सांगायचे की तुम्ही हट्टी आहात.

या वर्षी उन्हाच्या तोंडावर ते आपणहून म्हणाले, "घेतो." मला इतका आनंद झाला, की मी लगेच त्यांचा वर्ग सुरू केला. पास्टर म्हणत होते, "ताई, मी घेईन की वर्ग." पण आमचे पास्टर वयानं तरुण, अंगानं किडकिडीत. एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी काय शिकवावं? जेवणाच्या टेबलावर मीच शिकवलं आणि शेवटी तोंडी परीक्षाही घेतली. नम्रतेत ह्यांना मी दहापैकी तीन मार्क दिले.

"आन तुला किती?" ह्यांनी विचारलं.

"मी परीक्षक आहे."

"मग बरंय," म्हणत त्यांनी भाकरी मोडली. तिनाचे दोन करायचं माझ्या मनात आलं होतं, पण मी मन मोठं केलं.

दर वर्षी आम्ही नदीवर जातो. या वर्षी नदीत पाण्यापेक्षा बाभळीच जास्त होत्या. तेव्हा माझी जाऊ सुमन म्हणाली, "आमच्या शेततळ्यात घ्या की." दिराच्या रानातलं हे शेततळं म्हणजे जमिनीत खणलेला मोठा चौकोनी खड्डा, चारही बाजूंनी उतार आणि वर अंथरलेला काळा प्लास्टिकचा कागद. पाणी छातीइतकं उरलेलं होतं. ते तेवढंच होतं, म्हणून आज मी हे हसत सांगते आहे.

त्या सकाळी सगळी मंडळी काठावर जमली. ह्यांना मी पांढराशुभ्र झगा शिवला होता आणि त्याला कडक खळ घातली होती. मीही पांढरी साडी नेसले होते. निघताना हे म्हणाले होते, "आज घेतो. पण एक कर. पाण्यात तरी मला काय सांगू नको." मी हो म्हटलं होतं. पाण्यात नाही सांगायचं, काठावर सांगायला हरकत नव्हती.

सुमन गोठ्याकडून आली. "ताई, कागद लई निसरडा आसतोय. खाली शेवाळ धरलंय. आमी कासरा बांधूनच उतरतो. आणू का?"

कासरा! बैलाच्या गळ्यातला, शेणानं माखलेला दोर! पांढऱ्या झग्यातला माणूस कासरा धरून देवाकडे चाललाय, असा फोटो मी लेकाला पुण्याला कोणत्या तोंडानं पाठवणार होते?

"काही नको," मी म्हणाले. "नीट पाऊल टाकलं की झालं."

"आगं, उतारावर गाडी उभी करायची तर चाकाला दगड लावत्यात," हे म्हणाले. "तिला आणू दे की."

"तुम्ही गप्प बसा. आज तुमचा दिवस आहे."

पास्टरही हळूच म्हणाले, "ताई, दोर असलेला बरा."

म्हणजे तीन माणसांनी सांगितलं. एकानं सांगितलं असतं तर कदाचित मी विचार केला असता. तिघांनी सांगितल्यावर मला वाटलं, आता या सगळ्यांना करून दाखवायलाच हवं. मी चपला घट्ट केल्या आणि काठावर उभी राहिले. "बघा. टाच आधी टेकवायची, अंग मागं ठेवायचं आणि असं..."

'असं' म्हटल्यावर मी बसले होते. बसल्या बसल्या मी खाली निघाले, आणि मला आठवतंय की अर्ध्या वाटेवरही मी बोलतच होते. मग पाणी आलं.

वर आले तेव्हा साडीत हवा भरून ती माझ्याभोवती फुगली होती आणि एक चप्पल माझ्यापासून दूर निघाली होती. काठावर कुणी हसलं नाही, कारण माझ्यासमोर हसायची मंडळीत पद्धत नाही. गाणी म्हणणाऱ्या बायकांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवून गाणं धरलं.

"ताई, घाबरू नका, हात द्या," म्हणत पास्टर काठावर पालथे झाले आणि हात पुढं केला. मी तो धरला. पाण्यानं माझं वजन वाढलं होतं म्हणा किंवा त्यांचं मुळातच कमी होतं म्हणा, पास्टर डोक्याच्या बाजूनं, बायबलसकट माझ्याकडं आले. बायबल मी वरच्या वर झेललं. पास्टरांना झेलता आलं नाही.

आता हसली ती सुमन. पोट धरून हसली. "सांगत हुते का न्हाय! सांगत हुते का न्हाय!" म्हणत ती काठावर पुढं आली. तिचा नवरा तिथं असता तर म्हणाला असता की मागं हो, पण तो भांडी आणायला गावात गेला होता. ज्या बाईनं आम्हाला कागद निसरडा असल्याचं सांगितलं, तीच बाई त्या कागदावरून "आई गं" म्हणत खाली आली आणि थेट पास्टरांना धडकली.

बायकांनी गाण्याचं कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

आम्ही वर चढायचा प्रयत्न केला. मी चार पावलं वर जायचे आणि पाच खाली यायचे. सुमन मला मागून ढकलायची आणि मी तिला घेऊन पाण्यात पडायचे. पास्टर थंडीनं कुडकुडत मधे उभे होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही तिघंही बाप्तिस्मा घेऊन कित्येक वर्षं झालेली माणसं, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेलो. आणि ज्या एका माणसाला भिजायचं होतं, तो खळ घातलेल्या कडक झग्यात काठावर कोरडाठाक उभा होता.

आता हे म्हणणार, बास झालं, पुढच्या वर्षी बघू. आणि जाऊन रिक्षात बसणार.

हे गोठ्यात गेले आणि कासरा घेऊन आले. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडताक्षणी मी बोलायला लागले. "अहो, त्या बाभळीला बांधा! ती नको, डावीकडची! दोन गाठी मारा! अशी नाही हो, उलटी गाठ..."

हे थांबले. कासरा हातात घेऊन काठावर मांडी घालून बसले.

"अहो, बसलात काय?"

"तू सांगशील तसं करायचं आसंल तर म्या हितंच बसतो," हे शांतपणे म्हणाले. "मागच्या बारीला मी रिक्षात बसलो. आज जागा चांगली हाय. आन म्या सांगंन तसं तू करणार आसशील, तर वर काढतो. बघ."

गाणं थांबलं. बायका मान पुढं करून बघत होत्या. पास्टर आकाशाकडं बघत होते. आयुष्यभर मी डॉक्टरांनासुद्धा सांगितलेलं आहे, की सुई अशी धरू नका. पाणी गार होतं, पण मला घाम आला होता. समोर तो माणूस बसला होता, ज्याच्यासाठी मी वर्षभर देवाला गळ घातली होती, आणि तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता. तो वाट बघत होता. इतकी वर्षं तो तसाच वाट बघत असावा, असं मला एकदम वाटलं.

"सांगा," मी म्हणाले.

"काय म्हणलीस?"

"सांगा म्हटलं. तुम्ही सांगाल तसं करते."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पास्टरांकडं बघितलं. मग उठून त्यांनी कासरा बाभळीला बांधला (उजवीकडच्या), त्याला एकच गाठ मारली (सरळ), आणि काठावर उभं राहून मंडळीला म्हणाले, "मला साक्ष द्यायची हाय. लई मोठी न्हाय. आजपतोर मला वाटायचं, म्या आता सुधारण्यातला न्हाय. एवढं वय झालं, आता देव काय शिकवणार मला? पर आत्ता ही 'सांगा' म्हणली. तुमी समद्यांनी आयकलं. हिला शिकवता येतंय म्हंजी देवाला काय बी अवघड न्हाय. मग माझं बी हुईल." आणि खाली वाकून म्हणाले, "पास्टर, तिथंच थांबा. म्या येतो."

ही साक्ष कुठं दुरुस्त करावी, ते मला सुचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सगळीच भिजलेली असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

कासरा धरून, पाठमोरे, एकेक पाऊल टाकत हे उतरले. खळ घातलेला झगा पाण्यात मऊ झाला. पास्टरांनी त्यांच्या पाठीखाली हात घातला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हटलं, ह्यांना मागं झुकवलं, आणि त्यांचा स्वतःचा पाय सटकला. दोघंही बुडाले. काही क्षण पाण्यावर फक्त चार हात दिसत होते आणि कुणी कुणाला बाप्तिस्मा देतंय ते काठावर कळत नव्हतं. मग हे वर आले, आणि त्यांच्या काखेत पास्टर.

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. बायकांनी गाणं यावेळी शेवटपर्यंत म्हटलं.

मग हे वर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कासरा कंबरेला गुंडाळ. पाय आडवं टाक. खाली बघू नको, माझ्याकडं बघ." मी केलं. अगदी सांगितलं तसं केलं. काठावर पोचले तेव्हा माझा हात धरून हे म्हणाले, "धापैकी चार."

दुपारी सुमनच्या घरी मटण आणि ज्वारीची भाकरी झाली. पास्टर दिराचं धोतर नेसून जेवले. पुण्याला लेकाला फोटो गेला. त्यात हे पांढऱ्या झग्यात, चेहऱ्यावर इतकं हसू की मी तसं त्यांच्या रिटायरमेंटलाही बघितलं नव्हतं, आणि मधोमध शेणानं माखलेला कासरा. मी तो फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय.

तेव्हापासून आमचे हे मंडळीत पुढच्या बाकावर बसतात. मीही शिकले. घरात आता हे काही सांगायला लागले की मी मधे एक शब्द बोलत नाही, निमूट ऐकून घेते. ते कसं सांगायचं, एवढंच मी त्यांना आधी समजावून देते.