लाल इशारा आणि बारा पस्तीसचं लग्न

उन्हाळ्यात आमच्या वर्धा जिल्ह्याला अभिमान बाळगायला फार काही लागत नाही. संध्याकाळी राज्यातल्या तापमानाची यादी येते. तीत वर्ध्याचं नाव सगळ्यात वर असलं की लोक ती एकमेकांना मोबाइलवर पाठवतात, घरातली पोरगी बोर्डात आल्यासारखी. शेजारचा जिल्हा पुढे गेला की चेहरे पडतात. "तिकडचं थर्मामीटर टिनाखाली ठेवतेत," हा आरोप मी देवळीच्या बसस्टँडवर पूर्ण गांभीर्याने केलेला ऐकला आहे.

मी यादीबरोबर अंदाजही वाचतो. 'विदर्भात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट येण्याची शक्यता' हे त्यातलं माझं आवडतं वाक्य. ही तुरळक ठिकाणं कोणती ते सांगत नाहीत, पण इतकी वर्षं इथे काढल्यावर त्यातलं एक कोणतं याबद्दल मला शंका उरलेली नाही. त्याखाली सूचना असतात. सैल, सुती, फिकट कपडे घाला. भरपूर पाणी प्या. बारा ते चार घराबाहेर पडू नका. हे सगळं वाचून आमच्याकडची माणसं बरोबर बारा वाजता कोट घालून घराबाहेर पडतात. त्याला लग्न म्हणतात.

या मे महिन्यात असं एक लग्न आमच्याच घरी होतं. देवळीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं. पत्रिकेवर वेळ होती दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी पंचांग घराबाहेर काढलं, त्याला दोन पिढ्या उलटून गेल्या. त्यामुळे ही पस्तीस मिनिटं कुठल्या ग्रहाने सुचवली, हे विचारायला मी लग्नाच्या आठवडाभर आधी भावाकडे गेलो. नुसतं कुतूहल नव्हतं. त्याच दिवशी सकाळी अंदाजात लग्नाच्या तारखेवर लाल रंग आला होता.

कूलरसमोरची खुर्ची भावाने स्वतःसाठी ठेवली होती. कूलर असा गरजत होता की घरातली प्रत्येक खासगी गोष्ट गल्लीला ऐकू जावी.

"ही वेळ कोणी काढली?" मी ओरडून विचारलं.

"कोणी नाई काढली," तोही ओरडला. "मांगच्या लग्नाची पत्रिका नमुना म्हनून नेली होती. नावं बदलवले. छापखानेवाला म्हने, वेळ हेच राहू देऊ काय? म्हटलं, राहू दे."

"म्हणजे ही दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाची वेळ आहे."

"त्याचं चांगलं चालून राह्यलं ना पन."

मी म्हटलं, आपल्यात मुहूर्त नाही, सकाळी नऊला लग्न लाव. तो म्हणाला, मुहूर्त नाई, पन वेळ हाय. मी लाल इशारा दाखवला. त्याने मोबाइल हातात घेऊन तो रंग साडीच्या दुकानात पाहतात तसा पाहिला.

"भाऊ, यायचा पावसाचा अंदाज खरा निघत नाई, मंग उन्हाचाच काऊन निघन? आन् नवतपा तं लागलाच नाई अजून."

नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे नऊ दिवस. आमच्याकडे खरं ऊन त्या नऊ दिवसांतच पडतं, त्याआधीचं धरत नाहीत. पंचांग काढून टाकलेल्या घरात नक्षत्र अजून मुक्कामाला आहे, हे मी भावाला सांगणार होतो. पण कूलरपुढे ओरडून तत्त्वज्ञान सांगता येत नाही.

आणि मला तत्त्वज्ञानाची काळजी नव्हतीच. काळजी होती बाईची. बाई म्हणजे आमची मोठी बहीण. ती नाचणगावला एकटी राहते. आई लवकर गेली, आम्हा दोघा भावांना तिने मोठं केलं आणि पुढे या भाचीलाही अंगाखांद्यावर खेळवलं. मागच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं. चार दिवस दवाखान्यात सलाईनवर होती आणि निघताना डॉक्टरांनी बजावलं की दुपारचं बाहेर पडणं बंद. आता पुन्हा तसं झालं तर निभावणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. लग्नाचं सभागृह टिनाचं. दुपारी त्यात भाकरी भाजता यावी.

भाऊ थोडा विरघळला. त्याने ईवायांना, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांना, हिंगणीला फोन लावला आणि मोबाइलचा आवाज मोठा केला.

"ऊन?" पलीकडून मोठं हसू आलं. "आमचे पोरं उन्हाले भेत नाईत, ईवाईबुवा. डीजे सांगून ठेवला हाय. दोन घंटे नाचल्याबिगर वरात आत येत नसते."

विषय संपला. दुसऱ्या दिवशी मी नाचणगावला गेलो. बाईने लग्नाला येऊ नये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीला भेटावं, असं तिला समजावायचं होतं. मी लाल इशारा दाखवला.

"हा तुले आला," ती म्हणाली. "मले नाई आला."

"बाई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डाक्टरची पोरगी हाय काय ते? माह्यी पोरगी हाय. पयल्या रांगेत बसून पाहीन. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

मी भावाचं सांगितलं, ईवायांचं सांगितलं, छापखान्याचंही सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मग तिने एवढंच विचारलं, "लग्न लावाले कोन येऊन राह्यले?"

विहारातले भंतेजी येणार होते.

"ते बाराच्या मांगं जेवत नाईत," बाई म्हणाली.

भिक्खू दुपारनंतर अन्न घेत नाहीत, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा हवामानाशी संबंध फक्त तिला दिसला. तिने माझ्याच मोबाइलवरून भंतेजींना फोन लावायला सांगितलं. वंदन केलं, तब्येत विचारली आणि म्हणाली की लग्न लागल्यावर भोजनदान आमच्या घरचं, पंगतीच्या आधी, तिच्या हाताने. भंतेजी म्हणाले, आनंद आहे, पण वेळ? ती म्हणाली, हाओ ना भंतेजी, तुमीच सांगा आता. भंतेजींनी क्षणभर विचार केला असावा. त्यांनाही चीवर गुंडाळून त्याच टिनाखाली बसायचं होतं. ते म्हणाले, मग लग्न सकाळी नऊला लावू.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "भाऊ, लग्न नऊले केलं. भंतेजीच्या भोजनाचा प्रश्न होता." लाल इशाऱ्याचा उल्लेख नव्हता. ईवाईसुद्धा एका शब्दात तयार झाले. अंदाजाखालच्या सूचनांमध्ये भिक्खूंच्या जेवणाची वेळ छापली असती, तर आणखी काही लग्नं सकाळी लागली असती.

लग्नाच्या दिवशी बाई सहाच्या बसने आली. पांढरं लुगडं, हातात छत्री, पिशवीत कैरीच्या पन्ह्याची बाटली. ती पहिल्या रांगेत बसली. नऊ वाजले. वरात नऊ वाजता दिसली, ऐकू तर त्याआधीच आली, आणि सभागृहासमोरच्या रस्त्यावर येऊन थांबली. दोन तासांचा शब्द ईवाई पाळत होते. डीजेच्या भिंतीपुढे पोरं नाचत होती. नवरदेव पांढऱ्या कोटात घोड्यावर होता, आणि त्याच्याकडे पाहून घोडाच जास्त समजूतदार वाटत होता. दहा वाजले. टिन तापून कडकड वाजायला लागलं. साडेदहा झाले. भंतेजींनी घड्याळ पाहिलं. भाऊ माझ्या कानाशी आला.

"भंतेजीले आंधी जेवाले बसवू काय? लग्न मंग लावू, निवांत."

निवांत म्हणजे दुपारी. कदाचित बरोबर बारा पस्तीसला. बाईच्या कपाळावर मघापर्यंत घाम होता, तो आता थांबला होता, आणि मागच्या वर्षी दवाखान्यात नेण्याआधी असंच झालं होतं. मी तिला म्हटलं, चल, घरी नेतो. ती उठली. मला वाटलं, ऐकलं. पण ती छत्री उघडून रस्त्यावर गेली.

मी मागे धावलो. ती नाचणाऱ्यांच्या मधून सरळ डीजेच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. तिच्याशी वाद घालायची कोणाचीच इच्छा दिसली नाही. गाणं बंद झालं. एवढ्या शांततेत ईवायांचा धापा टाकण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पोरं उन्हाला भीत नव्हती हे खरं होतं. त्यांचा बाप मात्र सगळ्यांपेक्षा जास्त नाचला होता.

"ईवाईबुवा," बाई म्हणाली, "भंतेजी उपाशी राह्यले तं तुमच्या नावानं राह्यतीन. मंग नाचत राह्यजा."

नवरदेव कोणी सांगायच्या आत घोड्यावरून उतरला.

त्रिसरण झालं, पंचशील झालं, दोघांनी मेणबत्त्या लावल्या, फुलं पडली. बाईने पहिल्या रांगेतून सगळं पाहिलं. मग तिने भंतेजींना स्वतः वाढलं. त्यांनी हात धुतले तेव्हा बारा वाजायचे होते. तिथपर्यंत ती उभी होती. नंतर तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "आता ने मले."

तिला नवरीच्या खोलीत नेलं. तिथे कूलर होता आणि कूलरपुढे ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन ईवाई आडवे पडलेले होते.

"सरका जरासे," बाई म्हणाली. ईवाई सरकले. तिने बाटलीतलं पन्हं आधी त्यांना दिलं, मग स्वतः प्यायली. नवरी पांढऱ्या साडीतच येऊन तिच्या पायाशी बसली आणि ओल्या रुमालाने तिचे तळवे पुसत राहिली. हळूहळू बाईच्या कपाळावर पुन्हा घाम आला. घाम पाहून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बारा पस्तीसला बाहेर गर्दी झाली. पत्रिका वाचून आलेले पाहुणे. भावाने ग्रुपवर नवी वेळ टाकली होती, पण छापलेल्यावरच विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत, आणि एकजण पत्रिका काढून भावाला दाखवत होता. "वेळ पाळाव लागते ना गड्या मानसानं," असं तो म्हणत होता. भाऊ मान खाली घालून ऐकत होता.

दिवे लागायच्या सुमारास आम्ही भावाच्या घरी होतो, तेव्हा तापमानाची यादी आली. वर्धा दुसरं. "आज तं आपलाच नंबर पाह्यजे होता," भाऊ म्हणाला, आणि लग्न नीट पार पडल्याच्या दिवशी त्याचा चेहरा मला पहिल्यांदा उतरलेला दिसला.

बाई खाटेवर बसून खिचडी खात होती. तिने माझ्या मोबाइलकडे हनुवटीने खूण केली.

"उद्याचं काय म्हनते ते?"

"उद्याही लाल आहे."

"आन् परवा?"

"नारिंगी."

तिने थोडा विचार केला. "मंग उद्या नाई जात मी नाचनगावले. परवा जाईन, सहाच्या गाडीनं," ती म्हणाली आणि ताट भावापुढे सरकवून आणखी खिचडी मागितली.