पिवळ्या रेषेबाहेरची माणसं

"शून्य म्हणजे काय रे? एकही माणूस नाही?"

"ताई, बसथांब्यावर कुणीच नव्हतं."

"अरे, मी होते की!"

"तू समोर होतीस. सायकलवाल्याच्या छपराखाली."

"मग काय उन्हात उभी राहू? तुझ्या खांबाला मिठी मारून?"

आई गुडघ्यावर शेकायची पिशवी धरून पलंगावर बसली होती. मामा दाराजवळच्या खुर्चीत, बॅग मांडीवर घेऊन, पाहुण्यासारखा.

मामा बसच्या कचेरीत थांबे ठरवतो. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा. आधी कंडक्टर होता. परीक्षा देत देत टेबलापर्यंत पोचला. कचेरीत त्याला 'फूटपट्टी' म्हणतात आणि त्याला ते आवडतं. रस्ता रिकामा असला तरी सिग्नल बदलेपर्यंत हा कडेला उभा. लहानपणी त्याचा हात धरून मीही उभी राहायचे आणि पलीकडची पोरं फिदीफिदी हसायची.

मोजणीचा नियम असा, की बस दिसण्याआधीपासून जो थांब्याच्या पिवळ्या रेषेच्या आत उभा, तोच प्रवासी. पळत येणारा धरायचा नाही. तो म्हणे सहज जाता जाता चढला असेल. आमच्या थांब्याला ना छप्पर, ना बाक. सगळे समोरच्या सावलीत थांबायचे आणि बस वळली की धावत सुटायचे. मामा मोजायला आला, तोही सावलीतच टेकला.

"मी सरकून जागा दिली तुला," आई म्हणाली. "माझ्याच बाटलीतलं पाणी ढोसलंस. वाऱ्याने तुझा कागद उडत होता, तो मी धरला. आणि त्याच कागदावर शून्य?"

"नियमात बसत नव्हतं, ताई."

"तू मात्र ऐसपैस बसला होतास."

मला हसू आलं. मामाचे कान लाल झाले होते, म्हणून गिळलं.

आई इस्पितळात चादरी धुते. थांबा काढल्यापासून, दिवसभर उभं राहून वर पुढच्या चौकापर्यंत चढ चढते. पण तिचं दुखणं नुसतं गुडघ्याचं नव्हतं.

"बायका विचारतात, तुमच्या भावानेच काढला ना थांबा? मी म्हणते, छे हो, तो वेगळ्या विभागात आहे." आईने पिशवी उगाच उलटी केली. "चारचौघींत खोटं बोलले तुझ्यासाठी."

मामाने बॅगेचा बंद बोटाला गुंडाळला.

"परवा बैठक आहे ना? उभा राहा आणि सांग, मोजणी पुन्हा घ्या."

"आजवर माझी एकही मोजणी परत आलेली नाही."

"मग येऊ दे पहिली."

"हसतील गं सगळे."

"आणि मला हसतात ते?"

मामा बॅगेच्या बंदाशी बोलल्यासारखा म्हणाला, "बस आली तेव्हा सगळे पळाले. तू लंगडत मागे राहिलीस. कंडक्टरने घंटी मारली नाही, तुझ्यासाठी खोळंबला. मीही असाच थांबायचो पूर्वी. सगळं बघितलं मी. बस गेल्यावर कागद भरला."

आईचा आवाज एकदम खाली आला. "एवढंच सांग तिथे. माझी बहीण होती म्हणावं. सांगशील?"

मामा उठला. चपलेत पाय घातले, पट्टा लावायला वाकला, आणि तसाच सोडून दिला.

"अरे, सांगशील ना?"

जिन्यावरून सुटा पट्टा फटफटत खाली गेला.