खोट्या पेशंटची खरी गाठ

माझ्या आजाराचा पत्ता लागला तेव्हा मी खोटी पेशंट होते. हसू नका, सगळं सांगते.

परभणीकडच्या एका मेडिकल कॉलेजात माझी भाची सिस्टर आहे. पोरांना पेशंटशी बोलायला शिकवायचं म्हणून तिथं माझ्यासारख्या बायांना खोटं आजारी करून बसवतात. त्याला सिम्युलेटेड पेशंट म्हणतात, म्हणजे सोंगातला पेशंट. भाची म्हणाली, "मावशी, तू दिवसभर बोलतीसच, इथं येऊन बोल." मी ताडकळसहून एसटीनं जायला लागले.

शिकवणाऱ्या मॅडमनी कागद दिला. तुमचं नाव शांताबाई. साखर आहे, पाय जळतात, गोळ्या सोडल्यात. पहिल्या दिवशी पोरगं समोर बसलं न बसलं तोच मी गोळ्या, पाय, सून, म्हैस, सगळं ओतून मोकळी! त्याला विचारायला काही उरलंच नाही. मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, विचारल्याशिवाय बोलायचं न्हाई. विचारलं तर मात्र खरं सांगायचं."

तोंड बंद ठेवायचं म्हणजे माझ्यासाठी लय अवघड. पण एका बाबतीत मी आधीच पक्की होते. तुरीच्या काढणीच्या वेळी अंघोळ करताना डाव्या छातीला गाठ लागली होती, हरभऱ्याएवढी. दुखत नव्हती. सून रेखा पोटुशी, मुलाला असलं सांगायचं कसं? मनाशी म्हणलं, जाईल आपोआप. उन्हाळा आला तरी ती तिथंच, उलट थोडी वाढलेली.

मग पोरांची परीक्षा आली. माझ्यासमोर देवगाव फाट्याकडची एक पोरगी बसली. कोपऱ्यात मॅडम मार्क द्यायला. पोरीनं पाय विचारले, गोळ्या विचारल्या. मी शांताबाई होऊन चोख उत्तरं दिली. उठायच्या आधी ती म्हणाली, "आजी, अजून काही सांगायचं राह्यलंय का? घरी बोलता येत न्हाई असं काही?"

या प्रश्नाचं उत्तर कागदात नव्हतं. आणि चार महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं, "हाय माय. डाव्या छातीत गाठ हाय."

तिनं पेन खाली ठेवला. स्टूल जवळ ओढलं. "कुणाला सांगितलंय?"

"तुलाच."

कोपऱ्यात मॅडम कागद उलटे-सुलटे करायला लागल्या. "आजी, हे तर यात न्हाई."

"कागदात न्हाई मॅडम. माझ्या अंगात हाय."

घंटा वाजली, पण कुणी उठलं नाही. मॅडमनी लगेच पडद्याआड नेऊन तपासलं. मला काळजी दुसरीच. म्हणलं, "माझ्यापायी पोरीचे मार्क जातील का हो?" त्या म्हणाल्या, "तुम्ही आता फक्त तुमची काळजी करा."

मग मॅमोग्राफी झाली, म्हणजे स्तनांचा खास एक्स-रे. दाबतात तेव्हा दुखतं, पण दोन मिनिटांचं काम. मग बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा बारका तुकडा काढून तपासतात. रिपोर्टला आठ दिवस लागले. ते आठ दिवस सगळ्यात लांब. बाकावर बसून मी शेजारच्या बायांची नावं, गावं, नातवंडं सगळी पाठ केली.

डॉक्टरांनी मला समोर बसवूनच सांगितलं, "कॅन्सर आहे, पण लवकर सापडला. बरा होण्यासारखा आहे." सोबत आलेली रेखा रडायला लागली. "आत्या, मला सांगायला काय झालतं?"

मी म्हणलं, "तू विचारलं कुठं?"

रडता रडताच हसली ती. मग माझा हात धरून म्हणाली, "आता रोज विचारीन." आणि खरंच विचारते, अगदी वैताग येईपर्यंत!

ऑपरेशन झालं. मग केमो, म्हणजे सलाइनमधून द्यायचं औषध. केस गेले. तोवर रेखाला मुलगा झाला होता. नातू आणि मी सारखेच टकले, रेखा दोघांना एकाच वाटीतलं तेल लावायची. उलट्या झाल्या, जेवण नको झालं, एक-दोनदा वाटलं पुरे आता. पण ते दिवसही सरले. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जाते. केस उगवलेत, कुरळे!

बायांनो, दुखत नाही म्हणून गाठ झाकून ठेवू नका. कुणी विचारायची वाट तर बघूच नका. मला विचारणारी भेटली, हे माझं नशीब. ती पोरगी पास झाली बरं का, मी पेढे घेऊन गेले होते.

मागच्या महिन्यापासून मी परत शांताबाई झाले. परवा एका पोरानं पाय विचारले, गोळ्या विचारल्या, आणि उठून निघाला.

"बस लेका," मी म्हणलं. "शेवटचं विचारायचं राह्यलं."

कोपऱ्यात मॅडमनी कपाळाला हात लावला. पोरगं गोंधळून परत बसलं. "आजी, अजून काही सांगायचंय का?"

"मला न्हाई," मी म्हणलं. "पण पुढच्या बाईला विचारल्याशिवाय उठू नको."