अमारोनेचा नियम

वडील आषाढात गेले तेव्हा घरामागची कांदाचाळ गच्च भरलेली होती. महाळुंग्यात कारखान्यांना जमीन गेल्यावर आमच्या वाट्याला उरलेल्या तुकड्यातलं ते पीक. आई चाळीला हात लावू देईना. दुपारभर तिथंच बसायची. "ऐक, ते कांदा निवडत्यात," म्हणायची. मला काही ऐकू यायचं नाही. नासक्या कांद्याचा वास मात्र घरभर असायचा.

श्रावणात आमच्या कंपनीत मशीन बसवायला इटलीहून एक तंत्रज्ञ आला, साठीकडं झुकलेला. एका रविवारी त्याला जेवायला आणलं. हात धुवायला तो मागं गेला आणि चाळीच्या बांबूंवर तळवा टेकवून उभाच राहिला.

"माझे वडील अशाच जागेत गेले," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी मी आईला मराठीत सांगत गेलो.

त्यांच्या भागात अमारोने नावाची वाइन करतात. ते नाव लावायचं तर द्राक्षं ठरलेल्या टेकड्यांवरचीच हवीत. तोडली की लगेच गाळायची नाहीत, हवेशीर माळ्यावर सुकवायची. डिसेंबर उजाडल्याशिवाय रस काढायला बंदी. पुढं वाइन निदान दोन वर्षं मुरवायची. बुरशी धरलेली द्राक्षं वेचताना त्याचे वडील त्या माळ्यावरच कोसळले.

"नंतर रोज सकाळी मी वर खिडक्या उघडायला जायचो. त्या आधीच उघडलेल्या असायच्या."

आई म्हणाली, "दारूच ना ती?" मग, "खाली कवा आणली द्राक्षं?"

"डिसेंबर लागला त्या दिवशी. मन कुणाचंच तयार नव्हतं. पण नियमाची मुदत संपली होती, थांबायला निमित्त उरलं नव्हतं."

"आन् खिडक्या?"

"माळा रिकामा झाला तरी उघडत राहिल्या. बाटल्या भरल्या त्या वर्षी थांबल्या. मग मात्र वडिलांवाचून करमेना."

आई उठून ताटं वाढायला लागली. पाहुणा गेल्यावर म्हणाली, "दसऱ्याला चाळ फोडू. त्याच्या आधी न्हाई."

दसऱ्याला आम्ही दोघांनी चाळ फोडली. निम्म्या कांद्याचं पाणी झालं होतं. उरलेला आईनं एकेक करून निवडला आणि चाकणच्या बाजाराला लावला. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा ती रडली नाही. "गेले," एवढंच म्हणाली.

आता दुपारी ती मागं बसत नाही. मी पहिली शिफ्ट करून येतो तेव्हा मोकळ्या चाळीवरून यावं लागतं. आत कुणी कांदा निवडत असल्यासारखं काहीतरी खसखसतं. मी मान वळवत नाही.