थोरलीच्या बिनवासाच्या पिशव्या

थोरल्या जाऊबाई सुक्या बोंबलांची पिशवी मांडीवर घेऊन एस.टी.त बसायच्या आणि शेजारणीलाही वास यायचा नाही. बाकीच्यांच्या टोपल्या कंडक्टर टपावर टाकायला लावी. पावसाळ्यात तलासरीचा बाजार येईपर्यंत माझे बोंबील ओले व्हायचे, त्यांचे कडक. गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे. माझा जीव जळायचा.

एकदा कंडक्टरने विचारलंच, "बाई, पिशवीत काय?"

"तुमच्या सासूने पापड दिलेत जावयाला!"

सगळी गाडी हसली. मला असं बोलणं कधी सुचलं नाही.

पिशव्या त्या स्वतः करायच्या. मुंबईच्या भावाकडून पातळ प्लॅस्टिक आणि चुरचुरणारा जिलेटिनचा कागद मागवायच्या. म्हणायच्या, "प्लॅस्टिक ओल अडवतं, पण वास सोडतं. जिलेटिन वास अडवतं, पण ओल पितं. दोघांना एकत्र नांदवायचं." सासऱ्यांनी विचारलं, एकच जाड प्लॅस्टिक का नाही? "जाड इस्त्रीखाली वरून जळतं, आतून चिकटत नाही." घरात हे कौतुक रोज चाले. आमचे हेसुद्धा म्हणत, "वहिनीकडून शीक की जरा."

विचारायला जीभ रेटेना. एका दुपारी त्या विहिरीवर गेल्यावर मी चोरून पिशवी करायला बसले. जिलेटिन आत घातलं, प्लॅस्टिक बाहेर. कोळशाची इस्त्री टेकवली, तर प्लॅस्टिक तिलाच चिकटलं. धूर झाला. सासूबाई ओरडत आल्या, मागोमाग जाऊबाई.

"आई, ते माझंच काम. मीच उलटं लावून गेले होते."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं, हिने माझ्या वाटच्या शिव्याही घेतल्या. मग मला शेजारी बसवून इस्त्री खरवडत म्हणाल्या, "अगो, वितळणारं आत, एकमेकांना चिकटायला. न वितळणारं बाहेर, इस्त्री सोसायला."

पुढे थोरल्या भाऊजींना मुंबईला नोकरी लागली, जाऊबाईही त्यांच्याबरोबर निघाल्या. निघताना सगळे रडले. माझ्या मनात एकच, आता बाजारातली पहिली जागा माझी.

पुढच्या बाजाराला पिशवी मांडीवर घेऊन मी एस.टी.त बसले. कोणी नाक मुरडलं नाही. बाजारात त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "थोरली कुठाय?"

"मुंबईला गेल्या. या पिशव्या मी केल्यात." हे वाक्य मी गाडीत घोकून ठेवलं होतं.

बाईने पिशवी हलवली. आत बोंबील खडखडले.

"चांगलं शिकवलंन हो तुला तिने!" म्हणाली आणि दोन पिशव्या घेतल्या.

बाजार उठायच्या आत माझा सगळा माल संपला, आणि घेणाऱ्या प्रत्येकीने जाताना थोरलीची खुशाली विचारली.