मुलाच्या फोटोवरची वॉर्निंग

आदिलाबादमधल्या आमच्या समाजाची वधू-वर नोंदणीची वेबसाइट मी सांभाळते. एका सोमवारी होस्टिंगवाल्यांनी सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर नवं केलं. तसं त्यांनी मेलने आधी कळवलं होतं. तो मेल मी उघडला नव्हता.

मंगळवारी सकाळी तामसीचे एक काका पहिल्या बसने आले. घरी कापूस-ज्वारीची शेती, मुलगी बी.एड. झालेली. त्यांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. त्यात मुधोळच्या एका मुलाचा फोटो होता आणि फोटोच्या वर ठळक इंग्रजीत लिहिलं होतं, वॉर्निंग.

"ताई, या पोराबद्दल वॉर्निंग काऊन दिली तुमी?"

"मुलाबद्दल नाही काका, कॉम्प्युटरची आहे ती."

"मंग बाकीच्या पोरांवर काऊन नाही?"

प्रश्न बरोबर होता. मी एकेक पान उघडत गेले. वॉर्निंगच्या शेवटी प्रोग्राममधल्या ओळीचा नंबर होता. ती ओळ शोधली, तर ती शिक्षण दाखवणारी निघाली. ज्यांनी फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना रिकामा सोडला होता, त्यांच्याच पानावर हे येत होतं. जुनं सॉफ्टवेअर असं काही दिसलं की गुपचूप पुढे जायचं. नवं बोलून दाखवत होतं.

हे सगळं मी काकांना समजावून सांगितलं. तिथे चुकले.

"म्हंजे पोरगा शिकलाच नाही?"

"लिहिलेलं नाही, एवढंच."

"इचारून पाहा ना मंग."

वॉर्निंग दिसणं बंद करणं दोन मिनिटांचं काम होतं, पण काका खुर्चीतून हलेनात. शेवटी मी स्पीकरवर मुलाला फोन लावला आणि तो रकाना रिकामा का, असं विचारलं.

"डिग्रीचा एक पेपर राह्यला, मॅडम. पास लिवता येत नाही, नापास लिवावं वाटत नाही. म्हणून सोडून देल्लं."

माझ्यासमोर कोण बसलं आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

"खोटं तं नाही लिवलं त्यानं," काका म्हणाले आणि त्याच्या वडिलांचा नंबर लिहून घेऊन बसस्टँडकडे गेले.

मग मी प्रोग्राम दुरुस्त केला. आता रिकाम्या रकान्यात 'माहिती दिलेली नाही' असं येतं.

पुढे मुधोळची मंडळी तामसीला जाऊन मुलगी पाहून आली. मुलीने नकार दिला. काकांनी मला तसं फोनवर कळवलं. "मुधोळ लांब पडते म्हणते. पोरगा चांगला होता, ताई."

"हो," मी म्हटलं.